बाईंच्या खुर्चीचा हात

ऐंशीच्या दशकात विक्रोळीत माझं सुतारकामाचं दुकान होतं. तेव्हा ज्याला त्याला टीव्हीसाठी शटरवालं कपाट हवं असायचं. आत कसलंही प्लाय, वर चकाचक सनमायका, सांध्यात फट राहिलीच तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. धंदा जोरात होता आणि माझा तोराही.

चौथीला मला शिकवलेल्या बाई घाटकोपरला एकट्या राहायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या एका जुन्या, गोल हातांच्या खुर्चीत बसत आणि त्या हातांवर जोर देऊन आपल्या आपण उठत. त्यातला एक हात तडकला. मला बोलावून त्यांनी सरळ सांगितलं, "दुसऱ्यानं उठवायची वेळ आली ना, की संपलं रे माझं."

म्हटलं, बाई, एका दिवसाचं काम. सागाच्या फळीतून गोलाई कापली, पॉलिश मारलं आणि दुकानातच जरा रेलून बघितलं. काडकन मोडली. बाई बसलेल्या असत्या तर?

मग मूळचा तुकडा घेऊन त्याचा काळा रंग खरवडला. आईशप्पथ! लाकडाची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणाबरोबर वळत गेली होती. माझ्या तुकड्यात ती मध्येच कापली गेली होती. हे लाकूड कुणी कापलंच नव्हतं, वाफेवर मऊ करून वाकवलं होतं. ना सांधा, ना लांबी, लपवायला काही नाहीच. इतकी वर्षं रंधा मारूनही लाकूड असं ऐकतं हे मला माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

हॉकीच्या काठ्यांसाठी वापरतात ते तुतीचं लाकूड मिळवलं. पत्र्याच्या नळकांड्यात वाफवलं. दोन पट्ट्या वाकवताना मोडल्या. तिसरीला एका टोकाला मी, दुसऱ्याला बायको. चटके बसत होते तरी तिनं सोडलं नाही, आणि ते लाकूड साच्याभोवती गुमान वळलं. आम्ही दोघं बघतच राहिलो.

आठवड्यानं हात बसवला. काळ्या खुर्चीवर तो पिवळट दिसत होता, पण रंग लावायला मन धजेना. बाईंनी विचारलं, "टिकेल ना?" गिऱ्हाइकांना मी उठसूट गॅरंटी द्यायचो, त्या दिवशी म्हटलं, बघू या. आधी मी बसून जोर लावला, मग त्या बसल्या. उठताना त्यांनी सगळा भार हातांवर टाकला. लाकूड किंचित दबलं आणि परत वर आलं. बाई उभ्या राहिल्या.

लाकूड वाकवायचं पहिल्यांदा ज्याला सुचलं, त्या कुठल्या कोणा माणसाला मी तिथंच हात जोडले. बाईंना वाटलं, नमस्कार त्यांनाच. "पुरे रे," म्हणाल्या, आणि चहा टाकायला एकट्या आत गेल्या.