नेमसिंगनं बदललेली नावं

नेमसिंग आडे हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथालयाचा शिपाई होता आणि त्याचं अक्षर प्राचार्यांपेक्षा चांगलं होतं. प्राचार्यांना हे फारसं रुचत नसे, पण गॅदरिंगची प्रमाणपत्रं असोत की वार्षिक अहवालाची पहिली प्रत, लिहून घ्यावी लागे त्याच्याकडूनच. गडी दहावी नापास. इंग्रजीनं दगा दिला, नाहीतर तलाठी झालो असतो, असं तो ज्याला त्याला सांगे. त्याच्या तांड्यातले लोक म्हणत, नापास झाला ते बरं झालं, तलाठी झाला असता तर ओळख दाखवली नसती.

तांडा औंढ्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी तिथून खाली दिसायचं, पण वर चढायचं नाही. नेमसिंगची आई पार्वतीबाई १९८१ साली तिथंच वारली. तो हिंगोलीत भाड्याच्या खोलीत राहायचा आणि दिवाळीला, होळीला घरी जायचा.

राज्यशास्त्राच्या ढेंबरे सरांनी त्याला हेरलं ते १९९१ साली. प्राध्यापक तातेराव ढेंबरे वर्गात जेवढे दिसत त्याहून जास्त पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकड्यावर दिसत, असं स्टाफरूममध्ये बोललं जाई. कुणाला संशयावरून उचललं, कुणाला कोठडीत बडवलं, कुणाचं खोपटं पाडलं की सर डब्यात दोन भाकरी घेऊन निघालेच. त्यांची एक नागरी हक्क समिती होती. समितीत एक वकील, एक शाळामास्तर आणि स्वतः सर. मास्तरांची बदली झाली, वकिलांनी निवडणूक लढवली, उरले सर. लेटरहेड मात्र भरपूर शिल्लक होतं.

सरांची अडचण होती भाषेची. तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बाया बोलत त्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आणि सरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. म्हणून त्यांनी नेमसिंगला सोबत घेतलं. सरांची पद्धत ठरलेली. माणूस बोलेल ते नेमसिंगनं आधी कच्च्या वहीत उतरवायचं. मग हिंगोलीला येऊन ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर फुलस्केप कागदावर पक्कं करायचं. वर नाव, वय, तांडा, ज्याच्यावर बेतली त्याच्याशी नातं. खाली सर लिहीत, ‘माझ्यासमोर सांगितले’, आणि सही करत. एक प्रत कलेक्टरला, एक न्यायाधीशाला, एक सरांच्या ट्रंकेत.

लोक घाबरायचे, ते साहजिकच होतं. सर म्हणाले, “नेमसिंग, ज्याला भीती वाटते त्याचं नाव बदलून लिहीत जा.”

सांगायला सोपं होतं. नेमसिंग नाव बदलायला बसला आणि अडला. रामसिंग लिहावं तर पलीकडच्या तांड्यावर तीन रामसिंग. देवला लिहावं तर देवला नसलेला तांडा दाखवा! मनानं एखादं नाव ठोकून द्यायचं आणि पोलिसांनी त्या नावाचा भलताच माणूस उचलून न्यायचा, मग त्याच्या बायकापोरांना तोंड काय दाखवायचं? दोन दिवस त्यानं डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी उपाय सापडला, आणि तो सापडल्याचा त्याला इतका आनंद झाला की त्यानं त्या दिवशी दोनदा चहा घेतला. मेलेल्या माणसाला कोण अटक करणार?

दिवाळीच्या अमावास्येला तांड्यावर घरोघर चुलीतल्या निखाऱ्यावर गोडाचा घास टाकतात आणि घरातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. नेमसिंगला आपल्या तांड्यातल्या घराघरातली ही नावं पाठ होती. दुसरीकडं गेला की तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलता बोलता तिथलीही विचारून घ्यायचा. साक्ष जिवंत माणसाची, नाव-गाव त्याच तांड्यातल्या मेलेल्याचं. दिवाळीला घरी गेला की आपल्या निखाऱ्यावर तो त्या सगळ्यांसाठीही घास टाकी आणि मनातल्या मनात सांगे, तुमचं नाव वापरून राहिलो, राग मानू नका. मेलेल्यांनी कधी तक्रार केली नाही. हे त्यानं सरांना मात्र सांगितलं नाही. सरांनी विचारलंच नव्हतं. आणि लोकांना शब्द दिला होता म्हणून कच्च्या वह्या तो कॉलेजच्या मागं पालापाचोळ्यात जाळून टाकायचा. खरं कोण आणि कागदावरचं कोण, हा हिशेब राहिला फक्त त्याच्या डोक्यात.

१९९४ साली त्याच्याच तांड्यावरचा अमरसिंग कोठडीत मेला. बावीस वर्षांचा होता. एका चोरीत नाव गोवून पोलिसांनी नेला, चौथ्या दिवशी प्रेत आणून दिलं. त्याची आई रूपाबाई सरांसमोर दोन तास बोलली. ती रडली नाही. अंगावरचे वळ कुठं कुठं होते ते तिनं स्वतःच्या अंगावर हात ठेवून ठेवून दाखवलं, आणि नेमसिंगनं ते सगळं उतरवून घेतलं.

पक्कं करताना तो पुन्हा अडला. नाव बदललं तरी ‘आई’ लिहिल्यावर कुणालाही कळणार. मग त्यानं आईची शेजारीण केली. ‘माझा मुलगा’ होतं तिथं ‘तांड्यातील एका बाईचा मुलगा’ लिहिलं. आणि वर नाव घातलं पार्वतीबाई हरजी आडे, वय पन्नास. स्वतःच्या आईचं. एवढ्या मोठ्या दुःखाला परक्याचं नाव द्यायला त्याचं मन धजेना.

सर वाचताना थांबले. “ही आई होती ना रे?”

“आई लिवलं की घावते ती, सर.”

सरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी सही केली.

कलेक्टर कचेरीत तो कागद कुणी वाचला असता तर मेलेली बाई साक्ष देते हे त्याच आठवड्यात उघडं पडलं असतं. कुणी वाचला नाही. पोच मात्र शिक्क्यासह आली.

१९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, लेटरहेडवर ‘जि. परभणी’ होतं ते नेमसिंगनं हातानं खोडून दिलं. २००० साली सर निवृत्त झाले आणि २००४ साली हृदयविकारानं गेले. मागं राहिल्या पत्नी शालूबाई आणि सात ट्रंका. शालूबाईंनी आयुष्यभर कन्याशाळेत शिवण शिकवून घर चालवलं होतं. त्या ट्रंकांवर त्यांचा मनातून राग होता, पण कुणी रद्दीवाल्याचं नाव काढलं तर त्या अंगावर धावून जात.

२००६ साली हैदराबादच्या एका संस्थेनं सरांची कागदपत्रं जतन करायला मागितली. संस्थेकडून हरीश आला. तिशीतला, मूळचा जिल्ह्यातल्याच डोंगरकडा गावचा, मऊ बोलणारा. तो ब्रशनं धूळ झाडी, टाचण्या काढी, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा घाली. नेमसिंग रजा टाकून त्याच्या मदतीला बसे. आपलं अक्षर हैदराबादला कपाटात राहणार, या विचारानं तो फुगला होता, हे सांगायला हरकत नाही.

संस्थेचा एक नियम होता. जबानी लोकांना वाचायला खुली करायची तर ती देणाऱ्याची किंवा वारसाची संमती हवी. संमतीचे कागद घेऊन हरीश एक दिवस एकटाच औंढ्याकडं जाऊन आला. परतला तो कागद पुन्हा पुन्हा चाळत बसला. दुसऱ्या दिवशी शालूबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यानं विचारलंच.

“काका, पार्वतीबाई हरजी आडे तुमच्या आई ना? लोक म्हणाले, त्या एक्याऐंशीत वारल्या. ही जबानी चौऱ्याण्णवची आहे. मी आणखी दोन नावं विचारली. ती माणसंही घटनेच्या आधीच गेलेली.” त्यानं चष्मा काढला. “मला शेरा लिहावा लागेल. एक खोटी निघाली की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि खाली सही सरांची आहे.”

नेमसिंगनं सगळं सांगितलं. शालूबाई उभ्याच होत्या. चहाचा ट्रे त्यांनी ट्रंकेवर ठेवला.

“या माणसानं जन्मभर दुसरं काय कमावलं रे? एक शब्द. ढेंबरे सरांनी लिहिलं म्हणजे खरं, एवढंच. तेवढ्यावर मी संसार ओढला. आणि तू त्यांच्या सहीवर मेलेली माणसं उभी केलीस?”

नेमसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बाई, बोललेलं सारं खरं हाय. नावंच तेवढी…”

वाट एकच होती. खरी नावं सांगायची. पण ती सांगायची नाहीत असा शब्दही त्यानंच दिला होता. त्यानं हरीशकडं एक महिना मागितला. दोनशे चौदा जबान्यांपैकी अठ्ठावन्न माणसांची नावं त्यानं बदलली होती. तो एसटीनं, मिळेल त्या जीपनं, नाहीतर पायी निघाला. माणूस गाठायचा, त्याला त्याची जबानी वाचून दाखवायची, विचारायचं, आता नाव सांगू का?

अठ्ठावन्नातले सतरा आता खरोखरच वारले होते. त्यांच्या मुलांना विचारलं. नऊ जणांनी साफ नकार दिला, त्यांची नावं त्यानं डोक्यातच ठेवली. एक गृहस्थ मधल्या काळात सरपंच झाले होते. पोलिसांची आपल्याला कधी भीती वाटली होती हेच त्यांना आठवेना. बाकीचे हो म्हणाले. आणि जवळजवळ प्रत्येकानं विचारलं, “त्याचं फुडं काय झालं मंग?” बारा-पंधरा वर्षांत हा प्रश्न आपल्या मनात कसा आला नाही, याची नेमसिंगला लाज वाटली.

आपला तांडा त्यानं शेवटी ठेवला.

रूपाबाई दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पासष्टीची झाली होती, पण नजर चांगली होती. नेमसिंग तिला काकी म्हणायचा. दोघं बोलले गोरमाटीत. इथं मराठीत देतो. सरांचं नाव हैदराबादेत खोटं पडू नये म्हणून आलो, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. मग कागद काढला आणि वाचायला लागला. “‘तांड्यातील एका बाईचा मुलगा अमरसिंग यास…’”

शेंग फोडता फोडता तिचा हात थांबला. “एका बाईचा? कोन बाई?”

“तूच, काकी. नाव घावू नये म्हनून तसं लिवलं.”

“बोलून कोन राहिलं मंग हे?”

“माझी आई. म्हंजी नाव तिचं. बोलनं तुझंच.”

“वाच सारं.”

त्यानं शेवटपर्यंत वाचलं. वळ होते, ते कुठं कुठं होते तेही होतं. सगळं शब्दाला शब्द बराबर होतं. फक्त ते सांगणारी बाई त्या पोराची कुणी लागत नव्हती.

“म्या म्हनले व्हते का, माझं नाव नको म्हनून?”

नेमसिंगनं आठवून पाहिलं. त्या खेपेच्या कच्च्या वहीत त्यानं तांड्यावरच्या सगळ्यांच्या नावापुढं ‘नाव नको’ अशी एकदमच खूण केली होती. तिला विचारल्याचं त्याला आठवेना. आठवेना कशाला, विचारलंच नव्हतं.

“न्हाई, काकी. पोलीस तुला तकलीफ देतील असं वाटलं.”

“पोरगंच नेलं, मंग माझ्यापाशी न्यायला काय ठिवलं व्हतं?” तिचा आवाज चढला नाही. “बारा वर्सं म्या समजून राहिले, तिथं कागदावर अमरसिंगची आई हाय. कोनी ना कोनी वाचीत आसंल. तिथं तर लेकराला आईच न्हाई.”

त्यानं तो कागद घडी करून ठेवला. मग पिशवीतून कोरा फुलस्केप काढला. “आता सांग. तसंच्या तसं लिवतो.”

तिनं सांगितलं. या वेळी दोन तास लागले नाहीत. वर नाव रूपाबाई, मृताशी नातं आई. त्यानं सवयीनं अंगठ्याची शाई पुढं केली. तिनं ती बाजूला सारली. मधल्या काळात तांड्यावर साक्षरतेचा वर्ग झाला होता. तिनं पेन घेतलं, सही करायला टेकवलं आणि पुन्हा उचललं.

“त्या तुज्या सरला ठावं व्हतं का, मी आई हाय म्हनून?”

सरांचं नाव वाचवायला नेमसिंग महिनाभर पायपीट करत आला होता. नाही म्हणाला असता तर तिथं त्याला खोटं पाडणारं कुणी नव्हतं.

“ठावं व्हतं,” तो म्हणाला.

“मंग त्यानं सही काहून केली?”

याचं उत्तर ज्याला ठाऊक होतं तो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता.

“हे बी लिवू का, काकी?”

“बोलले नव्हं म्या? लिव.”

नेमसिंगनं पेन परत घेतलं आणि तिच्या जबानीच्या शेवटी, सहीसाठी दोन बोटं जागा सोडून, आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘मी त्याची आई आहे हे माहीत असून प्राध्यापक ढेंबरे यांनी सही का केली?’

मग त्यानं कागद तिच्याकडं सरकवला, आणि तिनं सही केली.