लेन्स घातलेली पोरगी

जवळा बाजारला नवरीसाठी उष्टी हळद घेऊन आम्ही बायका गेलो होतो, तिथं भेटलेल्या त्या पोरीचं नाव मी विचारलंच नाही. नवरीची मैत्रीण असावी. डोळ्यावर चष्मा नव्हता, तरी सवयीनं नाकावर बोट नेऊन तो वर सरकवायची, आणि स्वतःशीच हसायची.

माझा हळदीचा हात बघून म्हणाली, "मावशी, तोंडाला नका लावू. डोळ्यात लेन्स हाय. आज मला बघायला पाव्हणे इथंच लग्नघरी येऊन राहिले."

लेन्स तेव्हा आमच्याकडं कुणाला माहीत? मला वाटलं, नखरे करते. "हळदीला काय लाजतीस गं?" म्हणत मी फासलीच.

डोळ्यांत गेली. तिनं लेन्स काढल्या; त्या नाजूक चकत्या पार पिवळ्या झालेल्या. चष्मा घरी ठेवलेला.

"पाव्हणे कुठं बसलेत, तेवढं दाखवा," एवढंच म्हणाली.

मी तिला हात धरून नेलं. चहाचा कप तिनं पाव्हण्याच्या हाताशेजारी हवेतच धरला. त्यांच्यातल्या बाईनं मला हळूच विचारलं, "पोरीला दिसत न्हाई काय?"

मी पिवळे हात पदराखाली घेतले.

"मला काय ठाव बाई," म्हणाले, "मी नवरदेवाकडची."