शेजार बघणाऱ्या मॅडम

काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की वाघमारे मॅडम आधी गाठ कधीच बघायच्या नाहीत. कडेला जायच्या. गाठ संपते आणि चांगलं मांस सुरू होतं, त्या हद्दीवर बराच वेळ फिरायच्या आणि मग कंटाळल्यासारख्या मधे यायच्या. मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "गाठ कुठं पळून जात न्हाय. शेजारी कोण बसलंय ते आधी बघू दे."

कोल्हापुरात आमच्या रुग्णालयात त्या पॅथॉलॉजिस्ट आणि मी त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ. आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली. हातकणंगल्याकडच्या त्यांच्या घरातल्या त्याही पहिल्याच. म्हणून आमचं जमलं असावं. मोठ्या डॉक्टरांसमोरसुद्धा त्या गावाकडचंच बोलायच्या आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायच्या नाहीत. बाकी कायम दमलेल्या. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि कापून काढलेल्या गाठींच्या बरण्या येतच राहायच्या.

एकदा बिद्रीकडच्या शालनबाईंची स्तनातली गाठ आली, सोललेल्या कांद्यासारखी स्वच्छ. बरणीत नीटनेटकी दिसावी म्हणून सर्जनच्या नव्या सहायकानं भोवतीची चरबी कापून टाकली होती. गाठ कर्करोगाची निघाली. पण रोग बाहेर सरकलाय का, हे सांगणारा भागच कचऱ्यात गेला होता. सर्जनचा फोन आला, पूर्ण निघाली असं लिहून टाका. मॅडम म्हणाल्या, परत ऑपरेशन करा.

शालनबाई तयार होईनात. त्यांचे मालक बाबूराव वॉर्डात आवाज चढवून विचारत होते, गाठ काढली की, आता आणि काय कापताय? काच वाचणारा डॉक्टर सहसा पेशंटला भेटत नाही, पेशंटला त्याचं नावही ठाऊक नसतं. मॅडम मात्र मला घेऊन वॉर्डात गेल्या आणि सरळ शालनबाईंच्या कॉटवर बसल्या.

"गुंड पेठंत एकटा टिकत न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "कोणतरी त्याला जेवाय घालतंय, कोणतरी पोलिसाला दारातच चहा पाजतंय. गाठीचं तसंच. भोवतीच्या चांगल्या पेशींना ती फितवती. मग त्या रोगाशी भांडाय आलेल्या पेशींना दारातच अडवत्यात. भांडाय आलेल्यातल्याबी काही हिच्याच बाजूला जात्यात, हिला बाहेर पडाय वाट करून देत्यात. म्हणून मला शेजार बघायचाय."

"म्हंजे आमच्या भावकीवानीच की," शालनबाई म्हणाल्या. बाबूरावांनाही हसू आलं. मग शालनबाईंनी हळूच विचारलं, "कापल्यावर मी जगीन न्हवं?"

"ते मला ठावं न्हाय. पण न बघता 'बरी हाय' म्हणून सही करणार न्हाय मी."

शालनबाई तयार झाल्या त्या बहुतेक या उत्तरामुळंच.

दुसऱ्या खेपेची काच मॅडमनी मलाही दाखवली. लढणाऱ्या पेशींचे निळे ठिपके सगळे कडेला थबकलेले. पुढं फितलेल्या पेशींनी विणलेल्या तंतूंची दाट भिंत, तिच्या आत एकही ठिपका नाही. आणि एका अंगानं त्याच तंतूंच्या आधारानं रोगाच्या पेशींची रांग चरबीत शिरलेली. मॅडमनी चष्मा काढला. "बाहेर पडलीया," एवढंच म्हणाल्या. आपलं खरं ठरलं याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांनी शालनबाईंना स्वतः सांगितलं.

औषधं सुरू झाली, केस गेले. औषधाच्या दर फेरीला शालनबाई आमच्या दारात यायच्या आणि मॅडमना बघूनच घरी जायच्या. मॅडम बहुतेक रागवायच्याच: जेवत का नाहीस, वाळून चाललीस. कधी भावकीची चौकशी करायच्या.

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. स्मशानात नातेवाईक होते, आम्ही होतो. ज्यांच्या काचा त्यांनी वाचल्या, त्यांतलं कुणी नव्हतं. कळणार तरी कसं?

पुढच्या फेरीला बाबूराव एकटेच आत आले. मी सांगितलं. त्यांनी मागचं दार लोटून घेतलं. "हिला सांगू नगा," म्हणाले. "त्या हाईत म्हणून ही इथवर येती."

बाहेर बाकावर शालनबाई बसल्या होत्या, डोक्यावर रुमाल बांधून. मॅडम कामात हाईत व्हय, त्यांनी विचारलं. मी व्हय म्हणाले.

"मग नगं उठवू त्यास्नी," त्या उठत म्हणाल्या. "पुढच्या खेपंला भेटीन."