भैयालालभाऊंची भिंत

बऱ्याच वर्षांपूर्वीचा, वैशाखातला गुरुवार. हजर: देखरेखीला मी, आणि बिरसीचे गवंडी भैयालालभाऊ. आज देवापाशी उदबत्ती लावली आणि ती दुपार आठवली.

विषारी वायूचे जुने तोफगोळे नष्ट करण्यासाठी आम्ही परराज्यात इमारत बांधत होतो. तिथली हवा बाहेर येता कामा नये, म्हणून पंखे बाहेरची हवा सतत आत ओढत. मी प्रत्येक दाराशी उदबत्ती धरून पाहत होते. सगळीकडे धूर आत वळला; शेवटच्या दाराशी मात्र सरळ उभा राहिला. मोगऱ्याचा गोड वास तिथेच रेंगाळला. म्हणजे आतली ओढ कमी पडत होती; त्या खोलीच्या भिंतीत कुठेतरी फट होती.

भाऊंची संध्याकाळची गाडी होती. दुसऱ्या दिवशी लेकीची हळद.

"तुम्ही निघा. दुसरा गवंडी बघेल."

"दुसरा काऊन? भिंत माही हाये."

"घरी काय सांगाल?"

"सांगाले बंदी हाये ना, मॅडम! सांगीन, गाडी सुटली."

भाऊ थांबले, फट बुजवली. धूर आत वळला, मी तपासणीच्या कागदावर खूण केली आणि पुढच्या कामाला लागले. तेव्हा ते एवढंच वाटलं होतं.

आता ते काम गुपित नाही, आणि भाऊही हयात नाहीत. परवा मुर्रीच्या बाजारात त्यांची लेक भेटली. म्हणाली, "बाबाले माह्या हळदीची कदरच नव्हती जी."

भर बाजारात मी तिचा पत्ता तेवढा घेतला. तिच्या घरी जाऊन ती दुपार सांगायची अजून राहिली आहे.