मोठ्या बाबांचा दुसरा गाल

पवित्र शास्त्राचं एक पानही न उलटता त्यातली वचनं गावाच्या जिभेवर बसवणारा माणूस उभ्या झाडीपट्टीत एकच झाला, तो म्हणजे आमचे मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उन्हाळाभर ते गोंदियाच्या एका पाद्रीसाहेबाची बैलांची दमणी हाकायचे. साहेब पार दरेकशापर्यंत बाजारोबाजार उपदेश करत. ऐकणारे बदलत, मोठे बाबा मात्र तेच ते पुन्हा ऐकत आणि उपयोगाचं तेवढं घरी आणत. माणूस केवळ भाकरीने जगत नाही, हे आमच्या धानाच्या मुलखाला लगेच पटलं. "भात लागते," मोठे बाबा समजावून सांगत. 'ठोका म्हणजे उघडेल' यावर भरवसा ठेवून त्यांनी भर दुपारी स्टेशनची तिकिटाची खिडकी बडवली. ती उघडली, आणि आतल्या बाबूने हिंदीतून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिव्या मिळणार नाहीत असं शास्त्रात कुठं लिहिलंय, म्हणत ते खुशाल परतले.

पण गाजला तो दुसरा गाल. त्यांची धानाची बांधी वर, आमची खाली, मध्ये बांधासारखा मातीचा धुरा. एका रोवणीला माझ्या वडिलांनी न विचारता तो धुरा फोडून पाणी घेतलं. मोठे बाबा रागावले नाहीत. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, म्हणाले, आणि कुदळ घेऊन त्यांनी दुसऱ्या बाजूनेही धुरा फोडून दिला. आमची नुकती लावलेली रोपं तरंगत नाल्याला गेली. पाद्रीसाहेबांनी ऐकून कपाळाला हात लावला. गावाला मात्र म्हण मिळाली. पंगतीत कुणी नको नको म्हणताना वाढप्या भाताचा ढीग ओतू लागला, की लोक म्हणत, "दे त्याला दुसरा गाल!"

आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. दोघा भावांचं बोलणंच तुटलं होतं. पोळ्याला शेजारी बैल उभे करून दोघे दोन दिशांना बघत.

मग एका वर्षी धान निसवताना, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी, पाऊस गेला. जमीन भेगाळली. मोठ्या बाबांच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, एकाच बांधीपुरतं पाणी उरलं होतं. एका सकाळी वडील शेतावर गेले तर आमच्या बांधीत पाणी, आणि धुऱ्यावर कुदळ घेऊन मोठे बाबा. वडिलांनी कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं ते असं: "काऊन, अजून बुडवून राहिला का मले?"

"नाही रे," मोठे बाबा म्हणाले, "तवा मी तुहा गाल पुढं केलतो. हा माहा हाय."

त्या वर्षी त्यांच्या बांधीत नुसती तणस झाली, दाणा नाही. दोन्ही घरं आमच्याच धानावर जेवली, आणि मोठे बाबा रोज भात कमी शिजल्याची तक्रार करत राहिले.

ते गेले त्यालाही आता दिवस झाले. पंगतीत अजून कुणी 'दुसरा गाल' म्हणतं, लोक हसतात. वडील हसत नाहीत. इतरांसारखा पानावर आडवा हातही धरत नाहीत. वाढप्या वाढेल तेवढं वाढू देतात, आणि शेवटच्या शितापर्यंत खातात.