वाटंत पानी बेतानं

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, मी बेळगाव सोडले. पुण्याची बस होती. आमच्या गावाहून, बेळगुंदीहून, मला सोडायला आई आणि थोरला भाऊ अण्णा आले होते. अण्णाने बॅग वरच्या फळीवर चढवली. आईने खिडकीतून भाकरीचा डबा दिला. पाण्याची बाटली मात्र तिने आपल्याच पिशवीत ठेवून घेतली. "वाटंत पानी बेतानं पी गं," ती म्हणाली. "लांबचा पल्ला हाय." 

निपाणीला बस थांबली. पुरुष खाली उतरले. कोणी चहाच्या गाड्यावर गेले, कोणी स्थानकामागच्या भिंतीकडे. बायका जागेवर बसून राहिल्या. माझ्या शेजारी संकेश्वरला चढलेल्या एक बाई होत्या.

"उतरनार न्हाईस?" त्यांनी विचारले.

"न्हाय."

"मी बी न्हाय. सकाळधरनं अर्धा कप चा, तेवढाच. स्वारगेटला लेक न्यायला येनार हाय. तवर वर बी टाळं आन् खाली बी टाळं." आणि त्या मोकळेपणाने हसल्या.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, दोघांसाठीही हे लिहिते आहे. ज्या कारणाने आईने बाटली ठेवून घेतली त्याला आपल्याकडे नाव नव्हते असे नाही. नावे पुष्कळ होती. घेत कोणी नव्हते.

बेळगुंदीत परसाकडं जात. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. प्रत्यक्षात बायका उजाडायच्या आत शेताच्या बांधापर्यंत जात, चौघी-पाचजणी मिळून, आणि कुठे निघालात असे त्यांना कोणी विचारत नसे. शाळेत करंगळी वर केली की गुरुजी मान हलवत. तोंड उघडावे लागत नसे. पुढे घरामागे पत्र्याच्या दाराची खोली झाली. तिला आप्पा, म्हणजे माझे वडील, लॅट्रिन म्हणत. संडास हा शब्द त्यांना घरात चालत नसे. पहिले वर्षभर त्या खोलीत रताळ्यांची पोती होती.

हायस्कूल बेळगावात, इंग्रजी माध्यमाचे. तिथे 'टॉयलेट' भेटला. हा शब्द न अडखळता म्हणणारी मुलगी शहरातली समजली जाई. बस स्थानकावरच्या फलकावर कन्नड लिपीत शौचालय लिहिलेले असे. फलक कोणत्या भाषेत असावेत, यावर आमच्याकडे माणसांची आयुष्ये गेली. या फलकाबद्दल मी कधी तक्रार ऐकली नाही. शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि दोन्ही भाषांत तो कोणी बोलत नाही.

शिक्षण झाल्यावर मी तिथल्याच एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. कार्यालयातल्या बायकांसाठीच्या खोलीला कुलूप असे आणि किल्ली शिपाईमामांकडे. किल्ली मागितली की अख्ख्या डेस्कला कळे. पुरुष 'बाथरूमला जाऊन येतो' म्हणत आणि जात. आम्ही दोघी होतो. दोघीही दुपारच्या चहाला नको म्हणायचो.

ती नोकरी सोडून त्या जूनमध्ये पुण्याला आले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. पहिल्याच आठवड्यात मी टॉयलेट कुठे आहे असे विचारले. खोलीतली मुलगी म्हणाली, "वॉशरूम म्हण ना. टॉयलेट कसं वाटतं ते!" बेळगावात जो शब्द वरचा होता तो पुण्यात एक पायरी खाली आला होता. मी वॉशरूम म्हणू लागले. लग्नानंतर उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका गावात आम्ही दोघे आलो, तेव्हा तोच शब्द घेऊन आले. इथल्या ऑफिसात तो ऐकून एकीने मला हात धुण्याचे बेसिन दाखवले. ऑफिसात सगळे 'लू' म्हणत. आमची घरमालकीण दक्षिणेकडच्या सुखवस्तू घरातली. तिच्या मते 'टॉयलेट' हा शब्द चांगल्या घरात वापरत नाहीत. 'लॅव्हेटरी' म्हणावे, नाहीतर 'लू'. तिचे छत दुरुस्त करायला आलेला गवंडी 'बॉग' म्हणाला आणि ती खोलीबाहेर गेली. नवऱ्याचा अमेरिकन साहेब 'रेस्टरूम' विचारायचा. माणूस कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, हे इथे या एका शब्दावरून ओळखतात. आमच्याकडेही ओळखत.

मला दिवस गेले. बाळंतपणाला मी बेळगुंदीला जायचे, असा रिवाज. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटले, म्हणून आई इकडे यायचे ठरले. ती पहिल्यांदाच विमानात बसणार होती, आणि एकटी. मी फोनवर तिची तयारी करून घेत होते.

"विमानातल्या बाईला 'टॉयलेट' म्हणायचं. एवढंच. कोणालाही कळतं."

"मला ठावं हाय टायलेट," आई म्हणाली. "अडानी समजतीस व्हय? अण्णाची बारकी पोरं दिवसभर त्येच वरडत्यात."

"मग?"

"मग काय? शेजारी परका बाप्या बसलेला असतोय. त्याला उठवून जायाचं? कुटं चाललो ते सगळ्या विमानाला कळंल की."

आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल चाललो, आलो असेच बोलतात. पुण्यात मी ते सोडले. आईने सोडायचे कारण नव्हते.

बेळगुंदीहून निघाल्यापासून मँचेस्टरला उतरेपर्यंत आई पाणी प्यायली नाही. घरी आल्यावर तिने पिशवीतून विमानात मिळालेली बाटली काढली. सील शाबूत होते. "फुकट दिलती," ती म्हणाली. "तुला आनली."

दोन दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता आणि तो वर चढला होता. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की मूत्रपिंडांवर ताण आला आहे. औषध चालू आहे, पण पाणी पोटात गेले पाहिजे, भरपूर. नाहीतर होणारे नुकसान भरून येणार नाही. मी ते आईला शब्दशः सांगितले. तिने मान हलवली.

वॉर्डात दिवसपाळीला एक तरुण नर्स होता. तो तासातासाने येऊन हसत विचारी, "लू?" आई तितकेच हसून म्हणे, "नो, थँक्यू." उशाशी पाण्याचा जग ठेवलेला असे. दुसऱ्या दिवशी जग अर्धा झालेला दिसला. मला बरे वाटले.

शेजारच्या खाटेवर डोरीन नावाच्या वृद्ध बाई होत्या. आयुष्यभर लोकरीच्या गिरणीत मागावर काम केलेल्या. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावले. "तुझ्या आईला सांग, माझी फुलं बुडून मरतील."

दोन्ही खाटांच्या मध्ये डोरीनच्या मुलीने आणलेली शेवंती होती. फुलदाणी काठोकाठ भरली होती आणि खालचा रुमाल ओला होता.

मी आईकडे पाहिले. "वाया कशाला घालवायचं?" ती म्हणाली. "फुलास्नी तरी लागंल."

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की. त्या पोराला सांगू व्हय मी? अण्णाच्या थोरल्याएवढा हाय त्यो."

डोरीनने काय चालले आहे ते विचारले. मी सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी ओळीने घरे होती आणि सगळ्यांत मिळून अंगणाच्या टोकाला एक खोली. थंडीत तिथपर्यंत जायचे म्हणजे शिक्षा. म्हणून त्यांची आई संध्याकाळनंतर मुलींना चहा देत नसे. जायचेच झाले तर 'डाउन द यार्ड' जाते म्हणायचे. दुसरा शब्द काढला तर थोबाडीत. पुढे गिरणीत मुकादमाला विचारून जावे लागे. मुकादम पुरुष. मुली सुट्टीतही चहा घेत नसत. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचाही पेला भरलेला होता.

मी हे आईला आमच्या बोलीत सांगितले.

"यार्ड म्हंजे?"

"परस."

आई उठून बसली. "म्हंजे ह्ये लोक बी परसाकडंच गेलते!" ती डोरीनकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "इचार तिला, टमरेल न्यायची का?"

मी विचारले. डोरीन म्हणाल्या, पाणी कुठले, वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे करून खिळ्याला लावलेले असत. मी तेही सांगितले.

"बघ," आई म्हणाली. "तुझ्या पेपराचं हितं ह्येच करत्यात. आन् तू रातपाळ्या करून लिवत हुतीस."

डोरीनला याचा अर्थ सांगितल्यावर त्यांना खोकला येईपर्यंत हसू आले. मग त्यांनी आपला पेला उचलला. "तिला सांग, ती प्यायली तर मी पिते."

"आन् मग?" आईने विचारले.

"मग सांगायचं," मी म्हणाले.

आईने डोरीनकडे बोट केले. "तिलाच सांगू दे. तिचं बी आन् माझं बी." आणि तिने शाळेतल्या मुलासारखी करंगळी वर करून डोरीनला दाखवली. डोरीनने आपली वर केली. खूण ठरली.

दोघी पाणी प्यायल्या. तासाभराने आईची करंगळी वर झाली. डोरीनने घंटा दाबली. तो तरुण नर्स आला.

"हिला डाउन द यार्ड जायचंय," डोरीन म्हणाल्या.

त्याने खिडकीबाहेर पाहिले. "कुठल्या यार्डात? पाऊस पडतोय."

"लू, अरे पोरा, लू. कुठे वाढलास तू?"

त्या संध्याकाळी आईचा जग दोनदा भरावा लागला. बुडालेली शेवंती डोरीनच्या मुलीने नंतर बदलली. रक्ताच्या तपासण्या हळूहळू ठीक येत गेल्या. डोरीन आधी घरी गेल्या. त्यांची चाकाची खुर्ची दाराशी वळली तेव्हा आईने करंगळी दाखवली, त्यांनीही दाखवली. काही दिवसांनी आईला घरी सोडले. डॉक्टरीणबाईंनी जाताना बजावले की परतीच्या प्रवासात पाणी टाळले तर पुढच्या वेळी मूत्रपिंडे सावरतीलच असे नाही.

मला मुलगी झाली. आई चार महिने राहिली. बाळाला तेल लावले, मला डिंकाचे लाडू खाऊ घातले. बाहेर गेल्यावर जायची वेळ आली की माझ्याकडे बघून ती करंगळी वर करी, मी विचारून घेई. तिने स्वतः कोणाला विचारल्याचे मी पाहिले नाही.

गावी आता घरामागे फरशी लावलेली खोली आहे, आत गिझर आहे. अण्णाची सून तिला वॉशरूम म्हणते, आई अजून परसाकडं म्हणते. आमच्या घराची एक पद्धत मला इकडे आल्यावर लक्षात आली. बाहेरगावाहून पुरुष आला की त्याला दारातच तांब्या-भांडे मिळते. बाई आली की पिशवी ठेवून आधी मागच्या दाराने जाते. ती परत आल्यावर पाणी विचारतात, आणि ती उभ्यानेच दोन-तीन भांडी पिते. आजी तशी प्यायची, आई तशीच. मी पुण्याहून आले की तशीच प्यायचे. घर कुठले असे मला इथे कोणी विचारले की मी बेळगाव सांगते. पाणी आता मी रस्त्यातच पिते.

आई परत निघाली तेव्हा मी बाळाला घेऊन विमानतळावर गेले. पाण्याची बाटली आत नेता येत नाही, म्हणून रिकामी दिली आणि आत गेल्यावर भरून घ्यायला सांगितले.

"वाटेत पाणी पी," मी म्हणाले.

"बघतो," ती म्हणाली. मग बाळाच्या तळहातावर आपली करंगळी ठेवली. बाळाने ती धरली. सोडवायला वेळ लागला.

पुढचे अण्णाने फोनवर सांगितले. तो भाड्याची गाडी घेऊन मुंबईला न्यायला गेला होता आणि येताना ड्रायव्हरशेजारी बसला होता. आई मागे होती. पुण्यापर्यंत ती झोपून होती. साताऱ्याला चहा घेतला. कागल सोडले तेव्हा तिच्या हातातली बाटली संपली होती. निपाणी यायच्या अलीकडे तिने अण्णाला मध्ये न घालता थेट ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर अनोळखी, कोल्हापूरकडचा. त्याने विचारले, "काय झालं मावशी?" आईने काय झाले ते सांगितले. त्याने पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घेतली.

तिने कोणता शब्द वापरला, हे अण्णाला आठवत नाही. आईला विचारले तर ती म्हणते, "सांगिटलं, झालं की." संकेश्वरला तिने बाटली पुन्हा भरून घेतली. याला दोघांनीही दुजोरा दिला आहे.