कलाबाईंनी स्क्रीन मोडली

आमच्या शाळेत अजूनही कुणी हसत विचारलं, "त्या कलाबाईंनी स्क्रीन मोडली होती ना?" की माझं डोकं फिरतं. मोडली नव्हती. आणि खरोखर मोडली असती तरी मी टाळ्याच वाजवल्या असत्या, हेही सांगून टाकते.

मी सुमती. त्या शाळेत मराठी शिकवायचे. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं सासूबाई म्हणायच्या, आणि तेवढ्या एका बाबतीत आमचं दोघींचं एकमत होतं. कलावती शेलार ऑफिसात क्लार्क होत्या. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी डबा एकत्र खायचो. त्यांच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मी खाते हे आमच्या घरी ठाऊक नव्हतं.

कलाबाई मूळच्या अंबाडीच्या. त्यांचे वडील वाल्मीकदादा तिथल्या नाक्यावर सायकली दुरुस्त करायचे. लहानपणी कलाबाईंना गोवर आला, त्यात उजवा डोळा गेला आणि डावाही अधू झाला. गावातले म्हणाले, "पोरीला शालेत कशाला घालतो, तिला फला दिसनार न्हाय." वाल्मीकदादांनी तिला नेऊन पहिल्या बाकावर बसवलं. मास्तरांनी उठवून मागे पाठवलं. का पाठवलं ते बौद्धवाड्यातल्या कुणाला विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पोरगी परत पहिल्या बाकावर. मास्तरांनी परत उठवलं, ती परत आली. शेवटी मास्तरच कंटाळले. ही गोष्ट सांगताना कलाबाईंना हसू आवरायचं नाही.

ब्याऐंशी साली त्या आमच्या शाळेत लागल्या, टाइपिंगच्या जोरावर. टाइपरायटरला डोळे लागतात कुठे? बोटांना पाठ असलं की झालं. बाहेर गल्लीतल्या कापडाच्या लूमची खटखट आणि आत कलाबाईंची, अशी पंधरा वर्षं गेली. मग सत्त्याण्णव साली शाळेत कॉम्प्युटर आला.

आला म्हणजे काय थाटात आला. टेबलावर नवी चादर, वर प्लॅस्टिकचं आवरण, खास त्याच्यासाठी पंखा, शेजारी स्टॅबिलायझर. चपला बाहेर काढून आत जायचं. आमचा शिपाई लहानू त्याला पहिले काही दिवस उदबत्ती दाखवायचा. संस्थेचे सेक्रेटरी प्रभाकरराव, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, त्यांनी जाहीर केलं की ऑफिसातल्या दोघांनी शिकून घ्यायचं. एक कलाबाई आणि दुसरा रघू. रघू नुकताच बी. कॉम. होऊन चिकटलेला, दादासाहेबांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता, पण मामा असला की भाच्याला जरा जास्तच उंच वाटतं. आणि पगारबिल ज्याच्या हातात, पुढे हेडक्लार्कची खुर्ची त्याची, हे शाळेत लहान मुलालाही कळत होतं.

कलाबाई शिकल्या. कीबोर्डचं काही अडलं नाही, अडलं ते पडद्याचं. त्यावरची अक्षरं म्हणजे साखरेच्या डब्यातल्या मुंग्या. कलाबाई वाकून वाकून काचेला नाक लावायच्या, तेव्हा त्यांच्या कपाळावरचे केस काचेकडे ओढले जायचे. रघू मागे उभा राहून म्हणायचा, "बाई, काचेवर वाफ येते." त्यांना आणखी जाड भिंगाचा चष्मा घ्या म्हणून सांगण्यात आलं. अहो, त्याहून जाड भिंग मिळत असतं तर त्या काय हौसेनं आंधळ्यासारख्या बसल्या असत्या?

मधल्या सुट्टीत रघू गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. एकदा डबा उघडून आम्ही तिथेच बसलो होतो. रघूनं गेम लावला, पडदा क्षणभर काळा झाला आणि मग एकदम मोठमोठी अक्षरं, मोठमोठ्या गाड्या. कलाबाईंचा घास हातातच राहिला.

"रघू, हे मोठं कसं झालं रे?"

"गेमचा मोड वेगळा असतो बाई. गेम चालू झाला की तो पूर्ण स्क्रीन घेतो, पडद्यावरच्या ठिपक्यांचे आकडे कमी करतो. बंद केला की कामाचा मोड परत येतो."

"म्हणजे खेळाला अक्षर मोठं आन् कामाला बारीक?"

"तसंच असतं."

"कुनी ठरवलं?"

रघू गाडी वळवण्यात गुंतला. कलाबाई रागावल्या की अंबाडीची भाषा बाहेर यायची, आणि ती आली की मी डबा बंद करून ऐकायचे.

त्याच आठवड्यात त्यांनी शोध लावला. पडद्यावर रिकाम्या जागी माउसचं उजवं बटण दाबलं की एक पाटी उघडते, तिच्यात सेटिंग्ज, आणि तिथे एक लहानशी पट्टी सरकवायची. रघूची पट्टी आठशे बाय सहाशेवर होती. ती डावीकडे सहाशेचाळीस बाय चारशेऐंशीवर आणली की तेवढ्याच काचेत अक्षर मोठं. पगाराचा प्रोग्रॅम जुना, डॉसचा, तो चौकटीत उघडायचा. ऑल्ट धरून एंटर दाबला की तो पडदाभर व्हायचा. शिक्षकांची नावं दुसरीकडे उतरवायची असली की परत चौकटीत आणायचा, म्हणजे दोन्ही शेजारी दिसतात. कुठल्या कामाला कुठला मोड हे त्या मला रोज डब्यावर सांगायच्या, जणू कुठल्या भाजीला कुठली फोडणी. मला निम्मं कळायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघून मी दोन घास जास्त खायचे.

एका सकाळी त्यांनी पट्टी सरकवली, पडदा टक् करून काळा झाला, आणि नेमका लहानू चहा घेऊन आत आला.

"बाई, काय झालं वो?"

"काय न्हाय, स्क्रीन मोड कमी केला," कलाबाई म्हणाल्या.

लहानूला त्यातलं "स्क्रीन" ऐकू आलं आणि "मोड" ऐकू आलं. आता मराठीत मोड मटकीला येतो, नोटेची मोड दुकानात मिळते, आणि बाकी जे मोडतं ते मोडतं. लहानूनं तिसरं धरलं. चहा तसाच ठेवून तो धावत दादासाहेबांकडे गेला आणि म्हणाला, "कलाबाईंनी स्क्रीन मोडली." वाटेत त्यानं शिक्षकांच्या खोलीतही सांगितलं. दादासाहेब धावत येईपर्यंत अर्धी शाळा ऑफिसच्या दारात. काच शाबूत, पडद्यावर ठळक अक्षरं, आणि कलाबाई टाइप करताहेत.

चूक कळल्यावर सगळे हसले. लहानूनं कान पकडले. हसून सोडून द्यायची गोष्ट, पण दादासाहेबांना दारात जमलेल्या लोकांसमोर धावत आल्याचा राग आला होता, आणि तो कुठेतरी काढायचा होता. रघूनंही तेवढ्यात तक्रार केली, की बाईंच्या मोडमध्ये माझा टाइमटेबलचा तक्ता पडद्याबाहेर जातो. ते खरंही होतं.

"बाई, कॉम्प्युटर एक आहे," दादासाहेब म्हणाले. "तो जसा आहे तसा वापरायचा. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी संस्था बदलायची का?"

"साहेब, माझा बाप सायकलची सीट गिऱ्हाइकाच्या उंचीनं वरखाली करायचा. त्यानं सायकल मोडत न्हाय. मी बसले की माझा मोड लावीन, उठले की रघूचा लावून देईन."

"तुमच्या बापाचं दुकान नाही हे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "कोट्यातून खुर्ची मिळाली की असंच." मी वळून पाहिलं, पण सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर ऑर्डर लागली: जूनपासून संगणक आणि पगारबिल रघूकडे, कलाबाई आवक-जावकला. आवक-जावकचं टेबल म्हणजे आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंद, मुतारीच्या भिंतीला लागून. तिथे गेलेला माणूस निवृत्त होऊनच उठायचा.

मी संतापले. म्हटलं, "आपण सगळ्यांच्या सह्या घेऊ." कलाबाई म्हणाल्या, "सह्या कशाला? जून अजून लांब हाय." आणि बोर्डाखालून जाऊन चपला काढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. सगळ्यांदेखत पट्टी डावीकडे सरकवली. उठताना परत उजवीकडे. रोज तेच. त्या बसल्या आणि पडदा काळा झाला की रघू विचारायचा, "बाई, मोडली का परत?"

"हो, मोडली," कलाबाई म्हणायच्या, आणि अशा ठणकावून म्हणायच्या की बाहेर व्हरांड्यात ऐकू जावं. हळूहळू पोरंसुद्धा म्हणायला लागली. मलाही सवय लागली. वर्गात शिरून खिडकी उघडली तरी मी म्हणायचे, मोडली. दादासाहेबांच्या कानावर हे जात होतंच. त्यांनी दोनदा रघूला सांगितलं की बाईंना उठव. रघू जवळ जायचा, कलाबाई मान न वळवता म्हणायच्या, "तूच सांग मामाला, उठत न्हाय," आणि तो परत जायचा. त्याला पहिल्या बाकाची गोष्ट ठाऊक नव्हती, मला होती.

एप्रिलच्या शेवटी दादासाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून आठवड्यानं ते शाळेत आले. पगारबिल जायचं होतं आणि प्रिंट काढण्याआधी स्वतः बघितल्याशिवाय ते कधी सोडत नसत. रघूनं खुर्ची दिली. आठशे बाय सहाशे. दादासाहेब वाकले. आणखी वाकले. काळा चष्मा कपाळावर सारून काचेला नाक लावलं, डोळ्याला पाणी आलं. रघू मागे उभा होता. वाफेचं काही बोलला नाही.

मी रजेचा अर्ज द्यायला आत गेले होते, अर्ज हातातच धरून उभी राहिले. कलाबाई आपल्या टेबलावर पाकिटं चिकटवत होत्या.

दादासाहेब मागे न बघता म्हणाले, "कलाबाई."

"जी."

"जरा मोडा ना."

कलाबाई उठल्या. डिंकाचं बोट पदराला पुसलं, कॉम्प्युटरपाशी आल्या आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मला वाटलं, लावतील आता मोड, स्वभाव चांगला आहे बाईचा. पण स्वभाव चांगला असणं आणि मान वाकवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी शिकले.

"मोडते की साहेब," त्या म्हणाल्या. "पन आधी ती बोर्डावरची ऑर्डर तुमी मोडा."

पंखा फिरत होता. रघू जमिनीकडे बघत होता. दादासाहेबांनी डोळे पुसले, काळा चष्मा खाली ओढला आणि लहानूला हाक मारली.

"बोर्डावरचा तो कागद काढून आण."

लहानूनं आणला. दादासाहेबांनी तो फाडला, आणि माणूस हट्टी असला तरी फाडायचं काम दुसऱ्यावर ढकललं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. मग कलाबाईंनी उभ्या उभ्याच पट्टी डावीकडे सरकवली. पडदा काळा झाला आणि अक्षरं मोठी झाली. दादासाहेब वाचायला लागले, एकेक नाव, एकेक आकडा, मोठ्यानं.

लहानू दारातच उभा होता. त्यानं मला हळूच विचारलं, "बाई, आता काय मोडलं?"

"जा, सगळ्यांना सांगून ये," मी म्हटलं. "या वेळी काहीही सांग, खरंच असेल."